अल्जीरियाचे लोक फ्रेंच का बोलतात? एका शिक्षिकेच्या पत्राला उत्तर

मॅडम,

स. न. वि. वि.

तुमचं पत्र लांबलचक होतं आणि ते तसंच असायला हवं होतं. सगळं छापता येणार नाही, म्हणून इतर वाचकांसाठी सारांश देतो. तुम्ही नाशिकच्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला फ्रेंच शिकवता. पुस्तकात फ्रेंच बोलणाऱ्या देशांचा एक पानभर नकाशा आहे, खाली कुसकुसच्या ताटाचा फोटो. तो धडा चालू असताना एका मुलीने विचारलं, "मॅडम, अल्जीरियाचे लोक अरब ना? मग ते फ्रेंच का बोलतात?" तुम्ही म्हणालात, "त्यांच्यावर फ्रेंचांचं राज्य होतं, आपल्यावर इंग्रजांचं होतं तसं." तेवढ्यात तास संपला. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन विचारून गेली, "मी पुढे फ्रान्सला शिकायला गेले तर हिजाब काढावा लागेल का?" तुम्ही "बघून सांगते" म्हणालात. सहकाऱ्यांचं म्हणणं पडलं की फ्रेंच हा स्कोअरिंगचा विषय आहे, कशाला या फंदात पडता. तुम्हाला मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीत हे नीट वाचून काढायचं आहे. कुठून सुरुवात करू, इतिहास वाचू की कादंबऱ्या, आणि यातलं वर्गात किती बोलू, असे तुमचे तीन प्रश्न.

आधी त्या नकाशाचं सांगतो. फ्रेंचभाषक देशांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. सेनेगल, मोरोक्को, ट्युनिशिया, लेबनॉन हे तिचे सदस्य आहेत. अल्जीरिया नाही. फ्रान्सबाहेर फ्रेंच जाणणाऱ्यांची संख्या जिथे सगळ्यात मोठी आहे अशा देशांत त्याची गणना होते, पण संघटनेत तो गेलेला नाही. 2022 पासून तर तिथल्या प्राथमिक शाळांत फ्रेंचच्या जोडीला इंग्रजीही शिकवायला लागले. तुमच्या पुस्तकातला नकाशा हे सगळे देश एकाच रंगात रंगवून मोकळा होतो. तुमच्या विद्यार्थिनीने बोट ठेवलं ते नेमकं तिथेच.

आता तुमच्या उत्तराकडे. "आपल्यावर इंग्रजांचं होतं तसं" हे चूक नाही, पण अर्धंच आहे. इंग्रज इथे आले, राज्य केलं, पेन्शन घेऊन परत गेले. अल्जीरियात फ्रेंच राहायला गेले. 1830 साली अल्जीअर्स पडलं, 1848 साली फ्रान्सने जाहीर केलं की हा प्रदेश वसाहत नाही, फ्रान्सच आहे, आणि त्याचे तीन जिल्हे करून टाकले. 1954 साली तिथे सुमारे 10 लाख युरोपीय होते आणि त्यांच्या आठ-नऊ पट मुसलमान. चांगली जमीन कुणाकडे होती हे सांगायला नको. आपल्याकडची तुलना शोधायचीच तर इंग्रजांकडे पाहू नका, गोव्याकडे पाहा. पोर्तुगालनेही 1951 साली 'गोवा वसाहत नाहीच, तो आमचा सागरापलीकडचा प्रांत आहे' अशीच भाषा सुरू केली होती. 'प्रांत' म्हटलं की स्वातंत्र्य मागणारा आपोआप फुटीर ठरतो. पण गोव्यात पोर्तुगीज शेतकऱ्यांची वस्ती नव्हती, म्हणून ही तुलनाही पुढे फार ओढू नका.

वाचायला बसण्याआधी एक कायदा मात्र समजून घ्या, कारण पुढचं प्रत्येक पुस्तक त्याच्याशी येऊन ठेपतं. 1865 च्या फर्मानाने ठरलं की अल्जीरियातला मुसलमान फ्रान्सचा प्रजाजन आहे, नागरिक नाही. नागरिक व्हायचं असेल तर लग्न, वारसा, घटस्फोट यांबाबतचा आपला शरियतचा कायदा सोडायचा आणि अर्ज करायचा. अर्ज फारच थोड्यांनी केले, आणि केले त्यांना कचेरीने हेलपाटे घालायला लावले. 1870 साली तिथल्या ज्यूंना मात्र एका हुकमाने सरसकट नागरिकत्व मिळालं. ते 1940 साली, जर्मनीपुढे हार पत्करल्यावर फ्रान्समध्ये आलेल्या व्हिशी सरकारने काढूनही घेतलं. पुढे कळस झाला. 1903 साली अल्जीअर्सच्या न्यायालयाने निकाल दिला की 'मुसलमान' हा शब्द केवळ धर्म दाखवत नाही, त्यामुळे ख्रिस्ती झालेला मुसलमानही कायद्याच्या नजरेत मुसलमानच. म्हणजे बाप्तिस्मा घेतला तरी सुटका नाही. 1947 साली अल्जीरियाला विधानसभा दिली तेव्हा 60 जागा मुख्यत्वे युरोपीयांच्या मतदारसंघाला आणि 60 जागा त्यांच्या कितीतरी पट असलेल्या मुसलमानांना. त्यातही निवडणुकांत उघड घोटाळे.

हे आधी का सांगितलं? कारण या विषयावरची निम्मी पुस्तकं 'इस्लाम विरुद्ध पश्चिम' असा आखाडा मांडून बसतात, आणि वाचक नकळत कुठल्या तरी एका कोपऱ्यात जाऊन उभा राहतो. माझं मत विचाराल तर हे भांडण आधी जमिनीचं आणि दाखल्याचं आहे, धर्माचं नंतर. कागदावर 'मुसलमान' म्हणून ज्याला दुय्यम ठेवलं, तो त्याच नावाने उठाव करणार, यात नवल ते काय?

तर सुरुवात कुठून? तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून एका शिक्षकापासून करा. मुलूद फेराऊन. 1913 साली कबिलिया या डोंगराळ भागात, गरीब घरात जन्म. शिष्यवृत्तीवर शिकला, मास्तर झाला, मग मुख्याध्यापक, मग शिक्षण केंद्रांचा निरीक्षक. त्याची पहिली कादंबरी 'ल फिस द्यु पोव्र', म्हणजे गरिबाचा पोरगा, 1950 सालची. नायकाचं नाव मेन्राद फुरुलू. ही त्याच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून केलेली गंमत. फ्रेंच इतकं स्वच्छ आहे की तुमच्या बारावीच्या हुशार मुलांना शब्दकोश घेऊन दोन पानं सहज वाचता येतील. तेलाचे दिवे, अंजिरं, मातीची भांडी घडवणाऱ्या मावश्या, घरात तोंडं किती आणि भाकरी किती याचा हिशोब. राजकारण जवळजवळ नाहीच. काहींना हाच त्याचा दोष वाटतो. मला नाही वाटत.

ती संपली की त्याचं 'जुर्नाल' घ्या, 1955 ते 1962 या, म्हणजे अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या वर्षांतली डायरी. माझ्या मते या विषयावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते हे. फेराऊन कुणाचाही भाट नाही. फ्रेंच लष्कर गावात शिरतं तेव्हा पुरुषांचं काय होतं आणि बायकांचं काय होतं ते तो लिहितो. रात्री येणारे मुक्तिसैनिक तंबाखूवर बंदी घालतात, दंड वसूल करतात, खबऱ्या ठरवून गळे कापतात, तेही लिहितो. शाळांवर बहिष्काराचा आदेश निघतो तेव्हा मास्तराची काय पंचाईत होते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. फ्रेंच भाषेने त्याला घडवलं आणि त्याच भाषेत त्याला रोज 'तुम्ही लोक' म्हणून ऐकावं लागतं. हा पेच त्याने सोडवलेला नाही, नुसता नोंदवलेला आहे. शेवटची नोंद 14 मार्च 1962 ची. दुसऱ्या दिवशी अल्जीअर्सजवळ एल् बियारला शिक्षण केंद्रांची बैठक चालू होती. अल्जीरिया सोडायला तयार नसलेल्या युरोपीयांच्या ओ. ए. एस. या दहशतवादी संघटनेची माणसं आत आली, यादीतली नावं वाचली, सहा जणांना बाहेर नेऊन भिंतीशी उभं केलं आणि गोळ्या घातल्या. त्यात फेराऊन होता. शस्त्रसंधीचा करार झाला 18 मार्चला, तीन दिवसांनी. दोन्ही पुस्तकांचे इंग्रजी अनुवाद आहेत, पण तुम्ही फ्रेंचमधूनच वाचा, नाहीतर इतकी वर्षं शिकलात कशाला?

त्यानंतर मी तुम्हाला एक जोडी सुचवतो. एक लेखक मारणाऱ्यांच्या बाजूचा, एक लेखिका मेलेल्यांच्या.

पहिला अलेक्सी द तोकव्हिल. अमेरिकेतल्या लोकशाहीवर लिहिणारा, राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात सन्मानाने बसलेला. तो 1841 आणि 1846 साली अल्जीरियाला जाऊन आला. 1841 च्या निबंधात तो म्हणतो की पिकं जाळणं, धान्याची पेवं रिकामी करणं, निःशस्त्र माणसं आणि बायकापोरं पकडणं या अप्रिय पण आवश्यक गोष्टी आहेत. 1847 च्या अहवालात तोच कबूल करतो की आपण येण्यापूर्वी होता त्यापेक्षा हा मुसलमान समाज आपण जास्त दीन, जास्त विस्कटलेला आणि जास्त अडाणी करून ठेवला. धर्मादाय मिळकती फ्रेंचांनी ताब्यात घेतल्या, त्यांवर चालणाऱ्या शाळा बसल्या, हेही त्याच्याच लेखणीतून येतं. आणि तरी वसाहत सोडा असं तो म्हणत नाही. जेनिफर पिट्स यांनी हे लेखन इंग्रजीत एकत्र आणलं आहे. थोडंच वाचा, पण वाचा. उदारमतवाद कुठल्या बंदरावर उतरून परत फिरतो ते कळतं.

दुसरी असिया जेबार, 2005 साली फ्रेंच अकादमीवर निवडून गेलेली अल्जीरियन लेखिका. तिची 'लामूर, ला फांताझिया' ही 1985 ची कादंबरी सरळ चालत नाही. एक प्रकरण तिच्या बालपणाचं, एक 1830 नंतरच्या लढायांचं, मग खेड्यातल्या बायकांनी स्वातंत्र्ययुद्धाच्या सांगितलेल्या आठवणी. सुरुवातीची पन्नासएक पानं दमछाक होईल, हे आधीच सांगतो. पण पहिलंच दृश्य तुमच्या त्या विद्यार्थिनीला वाचून दाखवावं असं आहे. एक लहान अरब मुलगी बापाचा हात धरून पहिल्यांदा फ्रेंच शाळेत चालली आहे. बाप त्याच शाळेत मास्तर, डोक्यावर फेझ टोपी, अंगात युरोपीय कोट. शेजारीपाजारी बघताहेत की आता या पोरीचं काही खरं नाही.

मग ती आपल्याला 1845 च्या जूनमध्ये नेते, दाहराच्या डोंगरात. उलेद रिया नावाची जमात बायकामुलं, गुरंढोरं घेऊन गुहांत लपली. कर्नल पेलिसिए याने गुहेच्या तोंडाशी लाकूडफाटा रचून पेटवला आणि रात्रभर पेटता ठेवला. शेकडो माणसं गुदमरून मेली. पेलिसिएने हे सगळं अहवालात व्यवस्थित लिहिलं, अहवाल पॅरिसला पोचला, संसदेत गदारोळ झाला, सेनापती ब्युजोने त्याची पाठराखण केली. दोनच महिन्यांनी सँताऱ्नो या दुसऱ्या अधिकाऱ्याने तेच केलं, पण तो शहाणा निघाला. त्याने गुहेची तोंडं बुजवली आणि गवगवा होऊ दिला नाही. भावाला पत्र लिहिलं म्हणून आपल्याला कळलं. जेबार इथे एक विलक्षण गोष्ट करते. ती पेलिसिएचे जवळजवळ आभार मानते, कारण त्याने निदान लिहून ठेवलं. मारणाऱ्याच्या कागदातूनच मेलेल्यांपर्यंत पोचावं लागतं, दुसरी वाट उरलेली नाही. तोकव्हिल वाचून झाल्यावर लगेच ही पानं वाचा. एकेकटी वाचण्यापेक्षा अशी लागोपाठ वाचलेली जास्त लागतात.

अल्जीरियात जन्मलेल्या फ्रेंच कादंबरीकार कामूबद्दल तुम्ही विचारलंय. त्याची 'लेत्राँजे' ही कादंबरी तुम्ही भूतकाळ शिकवायला वापरता, जगभरातले फ्रेंचचे शिक्षक वापरतात, कारण वाक्यं छोटी. बिघडलं काही नाही. तिचा नायक मर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो. फक्त एकदा ती कादंबरी 'तो समुद्रकिनाऱ्यावरचा अरब कोण होता' हा प्रश्न डोक्यात ठेवून वाचा. त्याला नाव नाही, त्याच्या बहिणीला नाव नाही, खटल्यातही त्याच्याविषयी कुणी फारसं विचारत नाही. फेराऊन कामूचा मित्र होता. 1951 साली त्याने कामूला पत्र लिहून सौम्यपणे विचारलं होतं की तुझी 'ला पेस्त' ही कादंबरी अल्जीरियातल्या ओराँ शहरात घडते, मग तिच्यात आमच्यापैकी कुणीच कसं नाही? इतकं सभ्य आणि इतकं झोंबणारं वाचकपत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. कामेल दाऊदने 2013 साली त्या मेलेल्या अरबाच्या धाकट्या भावाला बोलतं केलं, 'मर्सो, काँत्र-आँकेत' या छोट्या कादंबरीत. भाऊ हारून बारमध्ये बसून सांगतो, मेलेल्याचं नाव मूसा होतं. लोक या पुस्तकाला 'कामूला चोख उत्तर' म्हणतात ते अर्धं वाचून. उत्तरार्धात हारून स्वतंत्र अल्जीरियावर, तिथल्या धर्माच्या ठेकेदारांवर तितकाच तुटून पडतो, आणि त्यानेही स्वातंत्र्याच्या दिवसांत एक फ्रेंच माणूस विनाकारण मारलेला असतो. दाऊद फ्रान्समध्ये लाडका आहे आणि मायदेशी वादग्रस्त. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून वाचा.

आता फॅनन. तुमच्या कुणीतरी ओळखीच्यांनी 'द रेचेड ऑफ द अर्थ'पासून सुरू करा असं सांगितलंय. नका करू. त्याला फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रची प्रस्तावना आहे, आणि ती इतक्या चढ्या आवाजात आहे की मूळ पुस्तक ऐकूच येत नाही. फॅननचं 1959 चं पुस्तक आधी घ्या, इंग्रजीत 'अ डाइंग कलोनियलिझम', आणि त्यातलं बुरख्यावरचं पहिलं प्रकरण. फॅनन अल्जीरियन नव्हे, मुसलमानही नव्हे. कॅरिबियनमधल्या मार्तिनिकचा कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ, 1953 साली ब्लिदाच्या इस्पितळात रुजू झालेला. तिथे त्याच्याकडे छळ झालेलेही उपचाराला येत आणि छळ करणारे पोलीसही. पुढे तो अल्जीरियाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिआघाडीला जाऊन मिळाला आणि 1961 साली 36 व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला.

तो म्हणतो की वसाहतवाल्यांनी हेरलं होतं, बाई जिंकली की समाज जिंकला. मे 1958 मध्ये अल्जीअर्सच्या चौकात सैन्याच्या पुढाकाराने मुसलमान बायकांचे बुरखे समारंभपूर्वक उतरवले गेले, फोटो काढले गेले. त्याआधीच मुक्तिआघाडीच्या तरुणी युरोपीय कपड्यांत, पर्समध्ये बॉम्ब घेऊन चौक्यांवरून सही सलामत जात होत्या, आणि सैनिकांना संशय आल्यावर त्याच तरुणींनी पुन्हा हाइक, म्हणजे अंगभर झाकणारी चादर, पांघरून आत शस्त्रं नेली. वस्त्र तेच, मतलब दरवेळी वेगळा. हे प्रकरण आजही तरतरीत वाटतं. फॅननचा आशावाद मात्र जरा पारखून घ्या. त्याला वाटलं, बंदूक उचललेली बाई आता घरात परत जाणार नाही. स्वतंत्र अल्जीरियाने 1984 साली जो कुटुंब कायदा केला त्यात प्रौढ बाईलाही लग्नासाठी पालक लागायला लागला. क्रांतीतल्या बायका तेव्हा रस्त्यावर उतरल्या होत्या, कायद्याच्या विरोधात.

याच धाग्यावर जोन स्कॉट यांचं 2007 चं 'द पॉलिटिक्स ऑफ द व्हेल' आहे. छोटं आहे. 1989 साली क्रेई गावच्या शाळेतून तीन मुलींना डोक्यावरच्या रुमालावरून काढलं तिथपासून 2004 च्या बंदीपर्यंतचा प्रवास त्यात आहे. स्कॉट बाई बंदीच्या विरोधात आहेत, ते लपवत नाहीत. फ्रेंच स्त्रीवाद्यांत बंदीच्या बाजूच्याही पुष्कळ आहेत आणि त्यांचं म्हणणं या पुस्तकात जरा घाईत उरकलंय. एक मुद्दा स्वतंत्रपणे लक्षात ठेवा. धर्म आणि राज्य वेगळं करणारा 1905 चा प्रसिद्ध कायदा अल्जीरियात धड लागूच केला नाही. तिथे मशिदी आणि इमामांचे पगार सरकारने आपल्या हातात ठेवले, कारण तो लगाम सोडायचा नव्हता.

आणि त्या मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय, ते सुट्टी लागायच्या आधी द्या. 2004 चा कायदा सरकारी शाळांना लागू आहे, अगदी बारावीपर्यंतच्या लिसेपर्यंत. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाही. तिथे ती डोक्यावर रुमाल बांधून वर्गात बसू शकते. चेहरा पूर्ण झाकायला मात्र 2010 च्या कायद्याने सार्वजनिक जागी बंदी आहे. पुढे तिथे सरकारी नोकरी धरली तर कामावर धर्माचं चिन्ह चालत नाही, कुठल्याच धर्माचं. एवढं साधं, नेमकं सांगा. लोकांच्या वागण्याची हमी तुम्ही देऊ शकत नाही, पण कायदा तरी तिला खरा कळू दे.

जाता जाता आपल्याकडची एक तारीख. 1 नोव्हेंबर 1954. त्या दिवशी पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम यांचा कारभार फ्रान्सने शांतपणे भारताच्या हाती दिला. त्याच दिवशी पहाटे अल्जीरियात मुक्तिआघाडीने ठिकठिकाणी हल्ले करून युद्ध सुरू केलं. पाँडिचेरीच्या कराराला फ्रेंच संसदेने मंजुरी दिली ती 1962 साली, अल्जीरिया स्वतंत्र झाल्यावर. 'एक तुकडा सोडला तर बाकीचे काय म्हणतील' ही धास्ती किती खोल होती पाहा. पाँडिचेरीतही 1881 पासून आपला धर्मावर आधारलेला व्यक्तिगत कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा घेण्याची सोय होती, आणि ती घेणाऱ्यांची घराणी तिथे अजून आहेत. पुस्तकातल्या नकाशावर भारत नसला तरी वर्गाला एवढं सांगायला हरकत नाही.

शुद्ध इतिहासाच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. जेम्स मॅकडूगल यांचं 'अ हिस्टरी ऑफ अल्जीरिया', 2017 चं, घरात ठेवावं असं. सलग वाचू नका, संदर्भ लागेल तसं उघडा. आलिस्टर हॉर्नचं 'अ सॅव्हेज वॉर ऑफ पीस' सगळे सुचवतील. ते 1977 चं, जाडजूड, रहस्यकथेसारखं वेगवान आहे, पण सेनापती आणि मंत्र्यांच्या खोल्यांत जास्त रमतं. टॉड शेपर्डचं 'द इन्व्हेन्शन ऑफ डीकलोनायझेशन' जड आहे. त्याचा एकच मुद्दा सांगतो म्हणजे वाचलं नाही तरी चालेल. 1962 पर्यंत 'अल्जीरिया म्हणजे फ्रान्स' म्हणणाऱ्या देशाने एका रात्रीत ठरवलं की हे सगळं इतिहासाच्या ओघात होणारच होतं, आणि मग त्याबद्दल बोलायचंच सोडून दिलं. फ्रान्सने त्या आठ वर्षांना कायद्यात 'युद्ध' म्हटलं ते थेट 1999 साली. तोवर 'सुव्यवस्था राखण्याच्या कारवाया' चालल्या होत्या.

सीरिया-लेबनॉन हा वेगळा कप्पा आहे, तो या सुट्टीत उघडू नका. पुढेमागे एलिझाबेथ थॉम्पसन यांचं 'हाऊ द वेस्ट स्टोल डेमोक्रसी फ्रॉम द अरब्ज' वाचा. 1920 साली दमास्कसमध्ये अरबांनी स्वतःची निवडलेली सभा आणि राज्यघटनेचा मसुदा तयार केला होता, सभेचा अध्यक्ष रशीद रिदा हा धर्मपंडित होता, आणि जुलैमध्ये फ्रेंच फौजांनी मैसलूनच्या लढाईत ते सगळं मोडून काढलं. पुस्तकाचं नाव भडक आहे, मजकूर नाही. नेपोलियनच्या 1798 च्या इजिप्त स्वारीवर कैरोच्या अल-जबर्तीची बखर आहे. भाषाशिक्षक म्हणून तुम्हाला ती आवडेल. बोनापार्टने 'आम्हीही खरे मुसलमानच' असं सांगणारं अरबी पत्रक काढलं, आणि जबर्तीने त्यातल्या व्याकरणाच्या चुका एकेक करून दाखवल्या.

सुट्टी उरलीच तर दोन कादंबऱ्या. दिदिए देनँक्सची 'मर्त्र पूर मेम्वार' ही पोलिसी कादंबरी 17 ऑक्टोबर 1961 च्या पॅरिसमध्ये सुरू होते. त्या रात्री संचारबंदीविरुद्ध शांतपणे निघालेल्या अल्जीरियन मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं सेन नदीत फेकली. पोलीसप्रमुख मोरिस पापाँ. त्याच पापाँवर 1997-98 साली खटला चालला, पण तो दुसऱ्या महायुद्धात बोर्दोहून ज्यूंना छळछावण्यांकडे रवाना करण्यात हात असल्याबद्दल. कादंबरी त्या खटल्याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती नेमका हाच धागा पकडते. तिच्यात पहिला बळी एका इतिहासशिक्षकाचा पडतो. दुसरी अलिस झेनितेरची 'लार द पेर्द्र', 2017 ची. फ्रेंचांच्या बाजूने उभे राहिलेले अल्जीरियन, ज्यांना हर्की म्हणतात, त्यांच्या तीन पिढ्यांची. आजोबा अली रिव्हसाल्तच्या छावणीत येऊन पडतो, नात नाइमाला पॅरिसमध्ये कुणी काही सांगतच नाही. गद्दार कुणाला म्हणायचं, हा प्रश्न झेनितेर पाचशे पानं हातात धरून ठेवते. मोठी आहे, पण पानं भराभर उलटतात.

आता वर्ग. गुहांची, छळाची वर्णनं सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तासाला वाचून दाखवू नका, त्यातून नुसता शहारा उरतो. तोच नकाशा घ्या आणि मुलांना प्रत्येक देशासमोर दोन सालं लिहायला सांगा, फ्रेंच आले कधी आणि गेले कधी. अल्जीरिया 1830 आणि 1962, ट्युनिशिया 1881 आणि 1956, मोरोक्को 1912 आणि 1956, सीरिया 1920 आणि 1946. 132 वर्षं आणि 26 वर्षं यांतला फरक त्यांना आपोआप दिसेल आणि पुढचे प्रश्न तेच विचारतील. आकड्यांचा सराव होतो तो वेगळाच, म्हणजे प्राचार्यांनाही काही बोलता येणार नाही. दुसऱ्या तासाला फेराऊनच्या पहिल्या कादंबरीतलं एक पान. भारतात लेखक गेल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षांनी त्याच्या हयातीत छापलेल्या पुस्तकाचा हक्क संपतो. फेराऊन 1962 साली गेला, त्यामुळे मूळ फ्रेंच पानाच्या प्रती काढायला किंवा स्वतः मराठी करून वाटायला तुम्हाला कुणाची परवानगी नको. इंग्रजी अनुवादांना हे लागू नाही, तेव्हा ते सरसकट झेरॉक्स करू नका. दाऊद आणि झेनितेर विकत किंवा ग्रंथालयातून. पुण्या-मुंबईच्या अलियाँस फ्राँसेझच्या ग्रंथालयांत चौकशी करा.

स्टाफरूममधल्या दोन गृहस्थांबद्दल तुम्ही लिहिलंय. एकाचं म्हणणं 'फ्रान्सने बरोबरच केलं, असंच पाहिजे', दुसऱ्याचं 'बघा, गोरे लोक असेच'. दोघांच्याही हातात ही पुस्तकं दारूगोळा म्हणून देऊ नका. पहिल्याला तोकव्हिलची 1847 ची ती दोन पानं द्या आणि दुसऱ्याला फेराऊनच्या डायरीतली मुक्तिसैनिकांच्या दंडवसुलीची पानं. वाचली तर जूनमध्ये बोलू. नाही वाचली, तर निदान डबा तरी शांतपणे खाऊ देतील.

तुमचा,
वाचनसल्ला